ठिणगी न पडणारा कॅन

धनलक्ष्मी गॅस पेटवायला लागली की शिवानंद स्वयंपाकघरातून उठायचा आणि बाहेर पायरीवर जाऊन बसायचा. आठ वर्षं हे असंच चाललं होतं. दोघांनी कधी त्यावर बोलून काही ठरवलं नव्हतं. ती आधी खिडकी उघडायची, मग नळाच्या तोटीला हात लावायची, मग काडी ओढायची. ज्योत नीट धरली की आतूनच म्हणायची, "या." मग तो आत यायचा आणि चिकटलेल्या बोटांत कप कसाबसा धरून चहा प्यायचा.

आठ वर्षांपूर्वी तो शहराबाहेरच्या एका शेडमध्ये रंगात घालायचं थिनर भरायच्या कामावर होता. फेब्रुवारीचे दिवस होते. सोलापूरची हवा तेव्हा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात आणि अंगावरची शाल काढताना चटचट आवाज येतो. साध्या प्लास्टिकच्या कॅनमधून तो लोखंडी ड्रममध्ये थिनर ओतत होता. कुणी विडी ओढली नव्हती, कुणी बटण दाबलं नव्हतं. तरी भडका उडाला. दोन्ही हात आणि मान भाजली, डावा कान गेला. धनलक्ष्मीने बावन्न दिवस दवाखान्यात काढले. आग लागली कशी, हे तिला तिथल्या एका डॉक्टरने सांगितलं. प्लास्टिकमधून काही ओतलं की घर्षणाने त्याच्यावर वीज साठते. प्लास्टिकमधून ती वाहून जात नाही, तिथेच बसून राहते, आणि जवळ लोखंड किंवा माणूस आला की उडी मारते. अंधारात स्वेटर काढताना दिसते ना, तेवढीच ठिणगी. पण थिनरच्या वाफेला तेवढी पुरते.

तेव्हापासून तिला आगीची भीती वाटेनाशी झाली. भीती वाटायची ती त्या न दिसणाऱ्या बसून राहिलेल्या विजेची. तिने नायलॉनच्या सगळ्या साड्या वाटून टाकल्या. घरात प्लास्टिकची खुर्ची राहिली नाही. रस्त्याने कुणी प्लास्टिकच्या बाटलीतून गाडीत पेट्रोल ओतताना दिसलं की ती पलीकडच्या बाजूने जायची.

शिवानंदला पुढे सात रस्त्याजवळच्या एका चादरीच्या दुकानात दारावर बसायचं काम मिळालं. पण तेवढ्यावर घर चालेना. धनलक्ष्मी बारावी सायन्स झालेली, अक्कलकोटकडच्या लिंगायत घरातली, हिशेबी डोक्याची. चिंचोळीच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या एका छोट्या कारखान्यात तपासणीला बाई पाहिजे, असं कळलं तेव्हा ती गेली. मालक बसलिंगप्पा पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, कपाळावर भस्माची बोटं. त्यांनी तिच्यापुढे एक काळाभोर वीस लिटरचा कॅन ठेवला.

"ह्यात ठिणगी पडत न्हाय," ते म्हणाले.

तिने कॅनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "प्लास्टिकचाच हाय की."

"प्लास्टिकचाच. पण ह्यातनं करंट वाहतो. आत ग्राफीन हाय."

मग त्यांनी काचेच्या बरणीतली काळी पूड दाखवली. पेन्सिलीच्या शिशातलं जे असतं, त्याचाच अगदी पातळ, एका पदराचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. तो प्लास्टिकच्या दाण्यात मिसळायचा. दाणा वितळून साच्यात गेला की आतले पापुद्रे एकमेकांना टेकत टेकत साखळी करतात आणि त्या साखळीवरून वीज खाली जमिनीत निघून जाते. कॅनच्या बुडाला अर्थिंगची क्लिप लावली की झालं. पूर्वी यासाठी काजळी घालायचे, पण ती एवढी घालावी लागायची की कॅन ठिसूळ व्हायचा. ग्राफीन चिमूटभर पुरतं आणि कॅनला बळही देतं.

"पण मिसळलं न्हाय नीट, तर?" तिने विचारलं.

"पिठल्यात गुठळ्या झाल्यावर काय हुतंय? एकीकडं गोळा, एकीकडं नुसतं पाणी. तसंच. म्हणून तर तपासायला माणूस पायजे."

त्या क्षणी तिने काम घेतलं. पगार नंतर विचारला.

पाच वर्षं ती तपासणीच्या टेबलाशी बसली. तिच्याकडे एक मीटर होता, दोन पितळी पाय असलेला. कॅनवर तो टेकवला की आकडा यायचा. तिने आपल्यापुरतं सोपं करून ठेवलं होतं: आकड्यातली शून्यं मोजायची. पाच-सहा शून्यं आली तर वीज वाहते, कॅन चांगला. अकरा आली तर ते साधं प्लास्टिक, शिवानंदच्या हातात होतं तसं. दर पंचवीस कॅनमागे एक कॅन ती सगळीकडून तपासायची, बूड, पोट, खांदा, तोंड, हँडल. शिवाय प्रत्येक घाण्याची, म्हणजे एका वेळी कालवलेल्या मालाची, एक चपटी प्लेट काढायची आणि तीही तपासायची. मग कागदावर सही. सही करताना तिचा हात दर वेळी जरा जड व्हायचा, पण त्या जडपणाचं तिला बरंही वाटायचं.

यंदाच्या फेब्रुवारीत मोडनिंबच्या बाहेरच्या एका थिनर भरणाऱ्या शेडची मोठी मागणी आली. दोनशे चाळीस कॅन, तेही आठवड्यात. बसलिंगप्पांनी मशीनचा वेग वाढवला. बुधवारी ते तिच्या टेबलाशी आले.

"धनलक्ष्मी, प्लेटी पास हायत का?"

"प्लेटी सगळ्या पास हायत. कॅन बघायचे राहिलेत."

"प्लेट पास म्हंजे माल पास. टेम्पो उभा हाय. ह्या टायमाला एवढ्यावर चालवून घे."

तिने चालवून घेतलं. दोन दिवस शिवानंदला ताप होता, तिचं डोकं घरी होतं. प्लेटींवर सहा शून्यांच्या पुढे एकही आकडा गेला नव्हता. तिने सही केली आणि टेम्पो गेला.

सोमवारी सकाळी साडेदहाला ती फडक्याने टेबल पुसत होती. शेजारी टॉवेलचा कारखाना असल्याने तिथला कापसाचा भुगा दिवसभर उडत असायचा आणि सगळ्यावर बसायचा. पण काळ्या कॅनवर तो टिकत नसे. वीज वाहून जाते म्हणून कॅन धूळ ओढत नाही, हे तिला माहीत होतं. मोडनिंबला गेलेल्या घाण्यातला एक नमुन्याचा कॅन फळीवर ठेवला होता. त्याच्या हँडलच्या बुडाशी, खांद्याला जिथे हँडल जोडलेलं असतं तिथे, भुग्याचं पांढरं कडं धरलं होतं. अंगठी घातल्यासारखं. बाकी कॅन स्वच्छ.

तिने फुंकर मारली. तंतू हलले, पण सुटले नाहीत.

तिने मीटर उचलला. कॅनच्या पोटावर टेकवला, पाच. बुडाला, सहा. हँडलच्या बुडाशी टेकवला आणि आकडा वर चढत गेला. आठ. नऊ. अकरावर थांबला.

फळीवर त्याच घाण्यातले आणखी दोन कॅन होते. एक चांगला निघाला. दुसऱ्यात पुन्हा अकरा.

वेग वाढवल्याने दाणा नीट कालवला गेला नव्हता. साच्याच्या त्या अवघड वळणात पापुद्रे पोचलेच नव्हते. चपट्या प्लेटीला वळण कुठून असणार? प्लेट खरं बोलली होती, पण ती कॅनबद्दल बोलली नव्हती. आणि हँडलचं बूड म्हणजे ओतताना माणूस जिथे हात घालतो नेमकी ती जागा.

ती धावतच केबिनमध्ये गेली. बसलिंगप्पांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला, पण ते म्हणाले, "एवढ्याशा जागेनं काय हुत न्हाय. बाकी कॅन अर्थ हाय की."

"मालक, तेवढ्याशाच जागेनं हुतं. माझ्या घरात बघा येऊन काय हुतं ते."

त्यांनी मोडनिंबला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. शेडमध्ये मोबाईल न्यायला बंदी होती, सगळ्यांचे फोन गेटवरच्या पेटीत पडलेले असायचे. तिथला मालक पुण्याला गेलेला, त्याचाही फोन बंद लागला.

"दुपारी जेवायला भायेर येतील तवा बोलतो," बसलिंगप्पा म्हणाले. "तवर कुणाला काय बोलू नकोस. उगा नाव जाईल कारखान्याचं."

जेवणाची सुट्टी दीडला. अकरा वाजत आले होते. अडीच तासांत किती कॅन ओतले जातील याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि तो तिला थांबवता येईना. ती टेबलाशी आली, मीटर पिशवीत घातला आणि कुणाला न सांगता गेटाबाहेर पडली.

हायवेवर तिला टेंभुर्णीकडची एसटी मिळाली. उभं राहायलाच जागा होती. मोहोळ येईपर्यंत तिने चार वेळा मोडनिंबचा नंबर लावला. प्रत्येक वेळी रिंग पूर्ण वाजायची, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आता तिथे फोन उचलायला कुणी राहिलेलंच नाही. खिडकीबाहेर लांब कुठेतरी ऊस तोडलेल्या रानातलं पाचट पेटवलेलं होतं. तो धूर पाहून तिने वरची दांडी दोन्ही हातांनी धरली. शेजारच्या माणसाने "ताई, बसता का?" म्हणून जागा दिली. बसल्यावर तिने शिवानंदला फोन केला आणि सगळं सांगितलं. सही केल्याचंही सांगितलं.

पलीकडे दुकानात कुणीतरी चादरीची घडी झटकल्याचा आवाज आला.

"आत जाऊ नको," तो म्हणाला. "भायरनं हाक मार. धना, ऐकतीस का? आत जायचं न्हाय."

"व्हय," ती म्हणाली.

मोडनिंबला उतरून तिने रिक्षा केली. गाव सोडून दोन किलोमीटरवर पत्र्याचं शेड होतं. ते जागेवर उभं होतं, धूर नव्हता, हे दिसलं तेव्हा तिला रडू फुटलं. पण वारा तिच्याकडे वळला आणि थिनरचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास आला. आठ वर्षांनी. शिवानंदचे कपडे दवाखान्याच्या पिशवीतून तिच्या हातात दिले होते, त्यांना तो वास होता. ती फाटकाला धरून उभी राहिली.

गेटवर माणूस नव्हता. पेटीत फोन होते, त्यातला एक तेव्हाही वाजत होता. बसलिंगप्पाच लावत असणार. तिने हाक मारली. आत मोठे पंखे घरघरत होते, कुणाला ऐकू जाईना. तिने आणखी जोरात हाक मारली. उघड्या दारातून तिला आत एक बाई पाठमोरी दिसली, काळा कॅन तिरका करून ड्रमवरच्या नरसाळ्यात ओतत असलेली. डावा हात कॅनच्या बुडाला, उजवा हात हँडलमध्ये, आणि मनगटात चांदीचं जाड कडं. कडं कॅनच्या खांद्याच्या त्या वळणापासून बोटभर अंतरावर होतं.

आता ओरडून उपयोग नव्हता. बाई दचकली तर हात हलणार. धनलक्ष्मीने मोबाईल पेटीत टाकला, चप्पल काढली, अंगावरची वीज उतरावी म्हणून दाराशेजारच्या अर्थिंगच्या पट्टीला दोन्ही तळवे टेकवले आणि आत गेली. वीस पावलं असतील. वाफ डोळ्यांना झोंबत होती. आपल्या अंगावरचा सुती अ‍ॅप्रनसुद्धा कुठेतरी घासतोय, असं तिला पावलागणिक वाटत होतं. पाय मात्र सावकाश टाकायचे होते.

ती बाईच्या समोरून आली, म्हणजे तिला आधी दिसेल. शांतपणे म्हणाली, "मावशी, ओतायचं थांबवा. सावकाश. कॅन सरळ करा."

पन्नाशीची ती बाई, केराबाई, गोंधळली. पण तिने कॅन सरळ केला.

"आता खाली ठेवा. कडं त्याच्याजवळ नेऊ नका. ठेवा आणि माझ्याबरोबर भायेर चला."

"का वं? काय झालं?"

"चला. सांगते."

बाहेर उन्हात आल्यावर धनलक्ष्मी थांबली. तिच्या मागोमाग शेडचा मुकादम धनाजी तणतणत आला. तोवर आणखी दोघी बाहेर आल्या होत्या. धनलक्ष्मीने हात जोडून सांगितलं की हे नवे कॅन वापरू नका, यातल्या काहींत दोष आहे.

"हात्तिच्या," केराबाई हसली. "म्हणून चावतोय व्हय ह्यो डबा!"

"चावतोय?"

"शनिवारपासनं चावतोय की. चट्‌ करतोय हाताला. मी म्हणलं नवा हाय, हुईल सरळ."

शनिवारपासून, धनलक्ष्मीच्या मनात आलं. किती वेळा चट्‌ झालं असेल, आणि त्या त्या वेळी वाफ नेमकी पंख्याने दुसरीकडे वळवली असेल. एवढंच मधे होतं, पंख्याचा वारा.

धनाजी ऐकेना. "आमच्याकडं कागद हाय. तपासलेला माल हाय, सही हाय त्यावर."

"ती सही माझी हाय," ती म्हणाली. "मीच खोटी ठरवायला आलेय. आणा एक-एक कॅन भायेर, आतला माल असलेले सोडून. बघू दे मला."

वडाच्या सावलीत तिने रिकामे कॅन ओळीने ठेवले आणि मीटर टेकवत गेली. धनाजी उभा राहून आकडे बघत होता. पाच शून्यं आणि अकरा शून्यं यातला फरक तिने त्याला सांगितला. पहिल्या वीसमध्ये आठ कॅन अकरावर गेले. आठवा कॅन अकरावर गेला तेव्हा धनाजी उकिडवा बसला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग उठून आत गेला आणि त्याने काम बंद केलं.

अडीचच्या सुमाराला बसलिंगप्पा स्वतः टेम्पोबरोबर आले. धनलक्ष्मीच्या हातातून मीटर घेऊन त्यांनी स्वतः पाच-सहा कॅन तपासले. मग शर्टाच्या बाह्या वर करून हमालांबरोबर कॅन चढवायला लागले. परतताना धनलक्ष्मी गाडीत त्यांच्याशेजारी बसली.

"न विचारता गेलीस," ते म्हणाले.

"व्हय."

"मी आलो असतो दीडला."

मोहोळ मागे पडल्यावर ते म्हणाले, "सही तुझी होती, पण घाई माझी. केराबाईला काय झालं असतं तर मी तोंड लपवून बसलो असतो." आणि मग लहान मुलासारखं त्यांनी डोळे पुसले.

संध्याकाळी तिने शिवानंदला सगळं सांगितलं, आत गेल्याचंही. तो रागावेल म्हणून ती थांबली. पण तो केराबाईच्या बोलण्यापाशी अडकला होता.

"चावतोय म्हणाली?"

"व्हय. हसत म्हणाली."

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "मला बी चावला होता," तो म्हणाला. "त्या दिवशी, सकाळपासनं तीनदा. मी बी हसलो होतो. कुणाला सांगितलं न्हाय आजवर."

आठ वर्षं तो स्वतःलाच दोषी धरून बसला होता, हे तिला त्या दिवशी कळलं. ती त्याच्याजवळ सरकून बसली. स्वयंपाक उशिरा झाला.

दुसऱ्या दिवशी परत आलेले कॅन मोजले. दोनशे एकोणचाळीस. तीन वेळा मोजले. एक कमी. धनाजीला फोन केला तेव्हा त्याने चौकशी करून सांगितलं, शनिवारी माल न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याने एक रिकामा कॅन मागून घेतला होता. टेम्पोवाला जेऊरचा. त्याचा फोन लागला. तो म्हणाला, डिझेल ठेवायला घेतला होता, पण जेऊर स्टेशनजवळ एका ओळखीच्याला दिला, त्याने पुढे कुणाला तरी दिला.

रविवारी धनलक्ष्मी जेऊरला निघाली तेव्हा शिवानंदही चप्पल घालून उभा राहिला. आठ वर्षांत तो शहराबाहेर पडला नव्हता. दोघांनी स्टेशनबाहेरची दुकानं, पंक्चरवाले, मोटारीवर रानाला पाणी सोडणारे, सगळ्यांना विचारलं. काळा, वीस लिटरचा, जड. लोक तिच्याकडे आधी संशयाने बघायचे; मग शिवानंदचे हात बघून गंभीर व्हायचे, आत जाऊन आपापले डबे काढून दाखवायचे. एका गॅरेजवाल्याने तर आपल्याकडचा पेट्रोलचा साधा प्लास्टिकचा डबाच तिच्यासमोर रिकामा केला. पण तो कॅन सापडला नाही. ज्याला शेवटी दिला, तो माणूस केळीच्या गाड्यांबरोबर परराज्यात गेला होता आणि त्याचा पत्ता कुणाला नव्हता. धनलक्ष्मी सगळ्यांकडे आपला नंबर ठेवून आली.

बसलिंगप्पांनी त्या घाण्याचा सगळा माल दळून टाकला. मशीनचा वेग पुन्हा खाली आणला. आता धनलक्ष्मी प्रत्येक कॅन पाच जागी तपासते, हँडलचं बूड सगळ्यात आधी. माल सावकाश निघतो, दोन गिऱ्हाईकं त्यामुळे गेली, आणि मालकांनी त्याबद्दल तिला एका शब्दाने विचारलं नाही. केराबाई अधूनमधून फोन करते, घरच्या गप्पा मारते.

पण तो एक कॅन बाहेर आहे. त्यात कुणी पाणी भरलं असेल, कुणी धान्य, कुणी थिनर. सकाळी पेपर आला की धनलक्ष्मी आधी आतल्या पानावरच्या छोट्या बातम्या वाचते, कुठे भडका, कुठे स्फोट, कोणतं गाव. अनोळखी नंबरवरून फोन आला की तो उचलण्याआधी तिचा हात हवेत थांबतो. शिवानंद समोर बसलेला असतो. तो विचारतो, "कुणाचा?" आणि ती पलीकडचा आवाज नीट ऐकू येईपर्यंत त्याला उत्तर देत नाही.